मेडिकल कॉलेजला रुग्ण रेफर करताना: चिठ्ठीपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत

ग्रामीण रुग्णालयातून किंवा लहान खासगी दवाखान्यातून रुग्ण मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवताना बहुतेक चुका निघण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत होतात. रुग्ण गाडीत चढतो, पण त्याला काय झाले, कधी झाले आणि काय औषध दिले ही माहिती मागच्या टेबलावरच राहते. मग पुण्याच्या ससूनमध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) रेसिडेंटला, म्हणजे निवासी डॉक्टरला, सगळे पहिल्यापासून विचारावे लागते. उत्तरे देणारा नातेवाईक घाबरलेला असतो आणि इंजेक्शनचे नाव त्याला माहीत नसते. त्यात जाणारा वेळ रुग्णाचा असतो.

हा लेख रेफर करणारे डॉक्टर आणि सिस्टर, तसेच सोबत जाणारे नातेवाईक आणि आशाताई, या सगळ्यांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

## १. कुठे पाठवायचे ते आधी ठरवा

‘मोठ्या दवाखान्यात न्या’ एवढ्याने भागत नाही. कोणता विभाग लागणार आहे आणि तो विभाग नेमक्या कोणत्या इमारतीत आहे, हे निघण्याआधी कळले पाहिजे.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची, तर मुंबईतली केईएम, सायन आणि नायर महापालिकेची आहेत. विभाग वेगळे असल्यामुळे एकीकडची नोंद दुसरीकडे आपोआप दिसेल हे गृहीत धरू नका. नियमही सारखे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क झाले, पण तो निर्णय त्या विभागापुरता आहे. मेडिकल कॉलेजमध्ये केसपेपर आणि काही तपासण्यांचे शुल्क लागू शकते. थोडे सुटे पैसे खिशात असू द्या.

नावांमुळेही गोंधळ होतो. जळगाव, चंद्रपूर, गोंदिया अशा ठिकाणी जुन्या सिव्हिलच्या जागेत मेडिकल कॉलेज सुरू झाले, तरी लोक अजून ‘सिव्हिल’च म्हणतात. मिरजेच्या महाविद्यालयाशी मिरज आणि सांगली अशी दोन रुग्णालये जोडलेली आहेत, त्यामुळे विभाग कुठल्या शहरात आहे ते विचारल्याशिवाय निघू नका. नागपुरात मेडिकल, मेयो आणि सुपरस्पेशालिटी या तीन वेगळ्या जागा आहेत. नाशिकचे संदर्भ रुग्णालय आणि तिथले सिव्हिलही वेगवेगळे. ॲम्ब्युलन्सच्या चालकाला नुसते शहराचे नाव सांगू नका. इमारत आणि प्रवेशद्वार सांगा.

नव्या महाविद्यालयात मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग आणि अस्थिरोग हे मूळ विभाग असतात. मेंदूची शस्त्रक्रिया, हृदयाची अँजिओप्लास्टी, डायलिसिस किंवा नवजात बालकाचा व्हेंटिलेटर चोवीस तास मिळेलच असे नाही. जवळचे कॉलेज सोडून शंभर किलोमीटर लांब जाणे चूक. जवळच्या कॉलेजमध्ये तो विभागच नसताना तिथे थांबून पुन्हा रेफर होणेही तितकीच मोठी चूक. कोणती चूक होते आहे हे एका फोनने कळते.

तपासा: ‘आम्हाला अमुक विभाग हवा आहे’ हे वाक्य तुम्हाला सांगता येते का? येत नसेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारा: ‘तिथे गेल्यावर काय होणे अपेक्षित आहे? सीटी, शस्त्रक्रिया, आयसीयू की रक्त?’

## २. निघण्याआधीचा फोन

हा फोन नातेवाइकाने करण्याचा नाही, पाठवणाऱ्या डॉक्टरांनी करायचा. तिकडे कॅज्युअल्टीतल्या सीएमओशी (ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी) किंवा त्या विभागाच्या ऑन ड्यूटी रेसिडेंटशी बोलावे. बोलणे दोन मिनिटांत आटोपते, मात्र क्रम असा ठेवावा:

१. रुग्णाचे वय, लिंग आणि एका वाक्यात आजार.
२. आत्ताची स्थिती: शुद्ध, श्वास, बीपी, नाडी, ऑक्सिजनचे प्रमाण.
३. काय दिले आणि किती वाजता दिले.
४. काय हवे आहे.
५. किती वाजता पोचू.

समोरच्या डॉक्टरांचे नाव आणि फोनची वेळ चिठ्ठीवर लिहा. ड्यूटी सकाळी आणि रात्री बदलते. ज्यांच्याशी बोलणे झाले ते पोचेपर्यंत निघून गेलेले असू शकतात, पण नाव आणि वेळ लिहिलेली असली की पुढच्याला धागा सापडतो.

‘बेड नाही’ असे उत्तर आले तर फोन ठेवू नका. ‘साधा बेड नाही, आयसीयू बेड नाही की व्हेंटिलेटर नाही?’ असे विचारा. या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये साध्या वॉर्डात फ्लोअर बेड टाकून रुग्ण घेतला जातो. व्हेंटिलेटर मात्र नसला तर नसतोच, आणि तेव्हा दुसरे ठिकाण शोधण्याची वेळ आत्ताची आहे, गाडी फाटकात उभी राहिल्यावरची नव्हे.

## ३. रेफर चिठ्ठी

या पायरीला घाई करू नका. ‘पुढील उपचारासाठी रवाना’ एवढी ओळ आणि खाली सही, अशा चिठ्ठ्या रोज येतात आणि त्यांचा उपयोग शून्य असतो. चांगली चिठ्ठी एका पानाची असते. तिच्यात वेळा असतात, औषधांच्या मात्रा असतात आणि पाठवण्याचे कारण स्पष्ट असते.

प्रत्येक चिठ्ठीत हे हवेच:

- आधार कार्डावर आहे तसे पूर्ण नाव, वय, गाव आणि सोबतच्या माणसाचा मोबाइल.
- त्रास सुरू झाल्याची वेळ. दवाखान्यात आल्याची वेळ वेगळी लिहावी.
- आल्यावर आणि निघताना, असे दोनदा घेतलेले बीपी, नाडी, श्वास, ऑक्सिजन, शुगर आणि जीसीएस, म्हणजे शुद्धीची पातळी सांगणारा आकडा. दोन आकडे असले की रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे ते कळते.
- दिलेले प्रत्येक औषध: नाव, मात्रा, शिरेतून की स्नायूत, आणि वेळ.
- न दिलेले औषध, जर त्याची नोंद महत्त्वाची असेल तर.
- आधीचे आजार, रोजच्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वेगळ्या ओळीत.
- शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले. भुलेसाठी घन आहारानंतर सहा तास आणि पाण्यानंतर दोन तासांचे अंतर पाहतात. ही ओळ नसेल तर शस्त्रक्रियेची वेळ ठरवताना अडते.
- पाठवण्याचे कारण.

पक्षाघाताच्या रुग्णासाठी चिठ्ठीचा नमुना असा:

‘वय ५८, पुरुष. सकाळी ९.३० ला घरच्यांनी शेवटचे ठीक पाहिले. १०.१० ला उजवा हात-पाय लुळा आणि बोलणे अडखळलेले आढळले. १०.५० ला येथे आणले. बीपी १७०/१००, नाडी ८८, शुगर १४२, जीसीएस १५ पैकी १४. ११.१५ ला तेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. ॲस्पिरिन दिलेली नाही. तोंडाने काही दिलेले नाही. कारण: तातडीने सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनचा निर्णय. मुदत दुपारी २ पर्यंत.’

शेवटचे तीन शब्द सगळ्यांत मोलाचे. ते इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, आणि त्या साडेचार तासांत प्रवास, केसपेपर, सीटी हे सगळे येते. वेळ मोजायची ती रुग्णाला शेवटचे ठीक पाहिले तिथून. रात्री दहाला नीट झोपला आणि सकाळी सहाला उठताना हात उचलेना, तर घड्याळ दहापासून लागते. घरचे हमखास ‘सकाळी सहाला झाले’ म्हणतात. त्यांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: लक्षण कधी दिसले, आणि त्याआधी ठीक कधी पाहिले?

सावधान: पक्षाघाताच्या रुग्णाला पाणी, चहा, गोळी काहीही तोंडाने देऊ नका. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि घोट श्वासनलिकेत जातो. सीटी होईपर्यंत ॲस्पिरिनही नको, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून ओळखता येत नाही.

### ज्या आजारांत चिठ्ठी जास्तच चुकते

सर्पदंश. दंशाची वेळ, दंशाची जागा, सूज कुठवर आली त्याची पेनाने मारलेली खूण आणि त्या खुणेची वेळ लिहा. पापण्या जड होणे, बोलणे घोगरे होणे, हिरड्यांतून रक्त येणे यांतले काय दिसले तेही लिहा. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली असेल तर तिचा निकाल द्या. ही चाचणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन, नळी न हलवता करायची. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निकाल चुकतो. प्रतिविषाच्या कुप्या किती दिल्या आणि कधी सुरू केल्या हा आकडा हवाच, कारण पुढची मात्रा त्यावर ठरते. विषबाधेची लक्षणे असताना प्रतिविष सुरू न करता रुग्ण शंभर किलोमीटर पाठवणे ही या यादीतली सर्वांत घातक चूक आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी प्रतिविष एकच असते, त्यामुळे साप ओळखण्यात वेळ घालवू नये. साप मारून सोबत आणू नये. घट्ट दोरी बांधू नये.

गरोदर आणि बाळंत स्त्री. किती आठवडे, कितवी खेप, रक्तगट, हिमोग्लोबिन, पाणी गेल्याची वेळ, बाळाचे ठोके. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट दिले असेल तर किती ग्रॅम, कुठे आणि किती वाजता. ही नोंद नसेल तर तिकडे पुन्हा पूर्ण मात्रा देण्याचा धोका असतो किंवा पुढची मात्रा द्यायची राहून जाते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवे.

नवजात बाळ. जन्मवेळ, वजन, रडले कधी, लघवी-शी झाली का, व्हिटॅमिन के दिले का, आईचा रक्तगट. बाळाला आईच्या किंवा कुणाच्याही उघड्या छातीशी कपड्यांच्या आत ठेवून न्या. प्रवासात थंड पडलेले बाळ पोचल्यावर सावरणे फार अवघड जाते. आईची प्रकृती बरी असेल तर तिलाही सोबत पाठवा. तिला मागे ठेवले की दूधही मागे राहते आणि संमतीसाठीही खोळंबा होतो.

विषबाधा. औषधाची बाटली किंवा पुडा दुहेरी पिशवीत बांधून सोबत द्या. ‘फवारणीचे औषध’ एवढ्याने उतारा ठरत नाही, लेबलावरचे घटकाचे नाव लागते. ॲट्रोपिन दिले असेल तर एकूण किती मिलिग्रॅम ते लिहा. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेले असेल तर उलटी करवू नका.

डोक्याचा मार. शुद्ध गेली होती का, किती वेळ, उलट्या किती झाल्या, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आले का. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांचा आकार सारखा आहे का. जीसीएस प्रत्येक वेळेसह.

तपासा: चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला का? मूळ कागद कॅज्युअल्टीत जमा होतो आणि वॉर्डात तोच पुन्हा मागितला जातो.

खासगी रुग्णालयातून निघताना एक गोष्ट सांभाळा. घाईत ‘डामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर सही होते आणि हातात काहीच कागद मिळत नाही. रेफर डॉक्टरांच्या सल्ल्याने होत असेल तर तसे लिहून मागा आणि उपचारांचा सारांश निघतानाच घ्या. पूर्ण नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण तातडीच्या वेळी हे ७२ तास कामाचे नाहीत. सारांश तेव्हाच हवा.

## ४. पिशवीत काय भरायचे

एकच कापडी किंवा प्लास्टिकची पिशवी, आणि ती एकाच माणसाकडे. कागद तारखेनुसार, नवे वर.

एक्स-रे, सीटी, एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. फिल्म किंवा सीडी लागते. रिपोर्ट म्हणजे कुणीतरी केलेले वाचन, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला चित्र स्वतः पाहायचे असते. कॅन्सरच्या रुग्णाने बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावेत. ते नसतील तर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो आणि उपचार लांबतात. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण वितळते.

रोजच्या गोळ्यांची नावे आठवत बसण्यापेक्षा गोळ्यांच्या पट्ट्याच आणा, रिकाम्या असल्या तरी चालतील.

ओळखपत्रे: आधार, शिधापत्रिका आणि आभा (आरोग्य खाते) क्रमांक असल्यास त्याचे कार्ड. मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स. रात्री रुग्णालयाबाहेर झेरॉक्स मिळेलच असे नाही. आधार आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळते का ते घरीच पाहा.

सोबत दोन माणसे पुरे. एक रुग्णाजवळ थांबेल आणि एक कागद, रक्त, औषध यांसाठी पळेल. एकटा माणूस दोन्हीकडे पुरत नाही. दहा माणसांमुळे मात्र कॅज्युअल्टीचा दरवाजा अडतो. या दोघांपैकी एक जण संमतीवर सही करू शकणारा जवळचा नातेवाईक हवा.

## ५. गाडी आणि रस्ता

तातडीच्या रुग्णासाठी १०८. गरोदर स्त्री, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचे आजारी बाळ यांच्यासाठी १०२. दोन्ही नि:शुल्क. एका रुग्णालयातून दुसरीकडे न्यायचे असेल तर १०८ ला पाठवणाऱ्या रुग्णालयाने फोन करून रुग्णाची स्थिती सांगावी, कारण गाड्या दोन प्रकारच्या असतात. व्हेंटिलेटर आणि हृदयाला झटका देणारे यंत्र ॲडव्हान्स्ड गाडीत असते, बेसिक गाडीत नसते. श्वासासाठी नळी घातलेला रुग्ण बेसिक गाडीतून पाठवू नये.

ऑक्सिजनचा हिशेब निघण्याआधी कागदावर मांडा. पूर्ण भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास पुरेल. ५ लिटर लागत असेल तर पाच तास. भरलेल्या सिलिंडरचा काटा साधारण १५० वर असतो. तो ७५ वर असेल तर आत निम्माच, ७५० लिटर, आणि १० लिटरच्या वेगाने सव्वा तासात संपणार. प्रवासाला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट साठा घ्या. घाट, पाऊस, फाटकावरची रांग, आणि पोचल्यावर स्ट्रेचर मिळेपर्यंतचा वेळ, सगळे त्यातूनच भागते.

सावधान: काटा सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडल्यावर वाचा. बंद असताना दिसणारा आकडा आधीचा अडकलेला असू शकतो. पाना गाडीत आहे का तेही पाहा. दुसरा सिलिंडर असून पाना नसेल तर तो उघडता येत नाही.

निघण्याआधी सलाइनची सुई नीट चिकटवलेली आहे का, लघवीची पिशवी रिकामी केली का आणि पट्टी घट्ट आहे का हे पाहून घ्या. रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला शक्य असेल तर दोन शिरांत सुया असाव्यात. हलत्या गाडीत शीर सापडत नाही. बेशुद्ध रुग्ण कुशीवर, पण अपघातात मानेला मार असण्याची शंका असेल तर मान स्थिर ठेवून सरळ पाठीवर.

## ६. पोचल्यावरचा पहिला तास

गाडी थेट कॅज्युअल्टीला. तातडीचा रुग्ण ओपीडीच्या रांगेत उभा करणे आणि जुने दुखणे रात्री कॅज्युअल्टीत आणणे, या दोन्ही चुकांमुळे वेळ फुकट जातो.

एक माणूस रुग्णाबरोबर आत जातो, दुसरा केसपेपर काढतो. केसपेपरवर नाव आधारप्रमाणेच सांगा. इथे ‘बाळू’ लिहिले आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल, तर योजनेची मंजुरी, रक्त आणि पुढे दाखले या सगळ्या ठिकाणी ते अडेल.

आत डॉक्टरांनी विचारायच्या आधी चिठ्ठी हातात द्या आणि तीन गोष्टी तोंडानेही सांगा: काय झाले, किती वाजता झाले, काय इंजेक्शन दिले. पहिल्यांदा बहुधा इंटर्न किंवा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट भेटेल, मग वरिष्ठ रेसिडेंट, मग लेक्चरर किंवा प्राध्यापक. तेच प्रश्न तीनदा विचारले जातात. हे शिकवण्याचे रुग्णालय आहे आणि प्रत्येक पातळीवर रुग्ण पुन्हा तपासला जातो. पहिल्याने सोडलेली गोष्ट दुसऱ्याला अशानेच सापडते. तिन्ही वेळा उत्तर तेच द्या. कंटाळून ‘आधी सांगितले ना’ म्हणाल तर नेमकी हवी ती गोष्ट राहून जाईल.

अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा या प्रकरणांत एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते. पहिल्या रुग्णालयात ती नोंदवली असेल तर तिचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव चिठ्ठीवर हवे. उपचार पोलिसांसाठी थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. रस्त्यावरच्या जखमीला घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसावर स्वतःचे नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही, त्यामुळे त्या भीतीने जखमीला सोडून जाण्याचे कारण नाही.

तपासा: रुग्ण कोणत्या विभागाच्या कोणत्या युनिटखाली (डॉक्टरांच्या गटाखाली) दाखल झाला, हे केसपेपरवर लिहिलेले आहे का? ‘सर्जरी युनिट ३’ असे काहीतरी असते. वॉर्ड क्रमांकापेक्षाही हे महत्त्वाचे आहे. कारण पुढे येते.

## ७. तातडी नसेल तर ओपीडी

आदल्या दिवशी पोचा किंवा पहाटे निघा. ओपीडी सकाळची असते आणि केसपेपरची खिडकी डॉक्टर ओपीडीतून उठण्याच्या बरीच आधी बंद होते. रविवार आणि सरकारी सुटी पाहून घ्या. आभा ॲपने क्यूआर स्कॅन करून नोंदणीची सोय असेल तिथे ती वापरा, रांग वाचते.

हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कॅन्सर अशा ओपीडी रोज नसतात, ठरावीक वारी असतात. थेट त्या ओपीडीत न घेता आधी मेडिसिन किंवा सर्जरीत तपासून पुढे पाठवतात. म्हणून एका दिवसात काम होईल असे धरून येऊ नका. सकाळी उपाशीपोटी आलात तर रक्त आणि सोनोग्राफीचे काम त्याच दिवशी होण्याची शक्यता वाढते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहायचे की नाही ते आधी डॉक्टरांना विचारावे.

## ८. वॉर्डात

वॉर्डात रोजचा हुकमी वेळ म्हणजे सकाळचा राऊंड. वरिष्ठ डॉक्टर तेव्हाच भेटतात. तुमचे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि राऊंडला विचारा. दिवसभर दिसणारे रेसिडेंट आणि सिस्टर बाकीचे सांगतील. प्रत्येक नातेवाइकाने वेगवेगळे विचारण्यापेक्षा एकानेच विचारावे.

योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दाखल झाल्याच्या पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जा. शस्त्रक्रिया ठरल्यावर गेलात तर उशीर होतो, कारण नियोजित शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते. रोज होणारी चूक अशी: घाबरून प्लेट, रॉड किंवा स्टेंटचे पैसे स्वतः भरायचे आणि मग योजनेतून परत मागायचे. ही योजना कॅशलेस आहे, भरलेले पैसे परत मिळतील हे धरू नका. बाहेरून काही आणायला सांगितले तर आधी आरोग्यमित्राला दाखवा. लहान मुलाचे नाव शिधापत्रिकेवर नसेल तर जन्मदाखला आणि आई-वडिलांची शिधापत्रिका न्या. अडचण आली तर योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

योजनेत न बसणारा खर्च असेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मेडिकल कॉलेजमध्ये हे पद असते, ट्रस्टच्या मदतीचा आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा रस्ता तेच दाखवतात. बहुतेक नातेवाइकांना ते आहेत हेच माहीत नसते.

रक्त. नमुन्याच्या नळीवरचे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक मागणीपत्राशी जुळतात का ते वॉर्डातच वाचून घ्या. एका अक्षराचा फरक असला तरी रक्तपेढी नमुना परत पाठवते, आणि ते बरोबरच आहे. रक्तदाता आणायचा असेल तर वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. आधीच्या रक्तदानाला पुरुषाचे ९० आणि स्त्रीचे १२० दिवस झालेले हवेत. रात्रभर जागलेला उपाशी भाऊ दाता म्हणून उभा करू नका. गावाकडून ताजा माणूस बोलवा.

सावधान: सुधारणा दिसत नाही म्हणून मध्यरात्री डामा घेऊन निघण्याआधी युनिटच्या वरिष्ठ रेसिडेंटशी बोला. त्या वेळी चालू असलेली औषधे, सलाइन आणि ऑक्सिजन सगळे एका क्षणात थांबते आणि पुढच्या ठिकाणी पहिल्यापासून सुरू करावे लागते. न्यायचेच असेल तर वरच्या पहिल्या पाच पायऱ्या पुन्हा, त्याच क्रमाने करा.

## ९. डिस्चार्ज कार्ड आणि परतीची वाट

डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर जागेवरच उभे राहून वाचा आणि या गोष्टी त्यावर आहेत का पाहा: निदान, काय शस्त्रक्रिया केली आणि कोणत्या तारखेला, औषधे किती दिवस, टाके किंवा नळी कधी काढायची, कोणती लक्षणे दिसली तर लगेच परत यायचे, आणि फेरतपासणी कधी.

इथे युनिट कामाला येते. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. मंगळवारच्या युनिटने शस्त्रक्रिया केलेला रुग्ण गुरुवारी आला तर वेगळे डॉक्टर भेटतात. ते तपासतात आणि ‘तुमच्या युनिटच्या दिवशी या’ म्हणतात. दोनशे किलोमीटरची फेरी वाया जाते. कार्डावर तारखेसोबत वारही लिहून घ्या, आणि त्या दिवशी सुटी पडते का ते तिथेच कॅलेंडरमध्ये बघा.

बायोप्सीचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो. तो कोणत्या खिडकीवर, कोणत्या क्रमांकाने आणि साधारण किती दिवसांनी मिळेल हे विचारून कार्डाच्या मागे लिहा. रिपोर्ट तयार असूनही कुणी न्यायला येत नाही आणि कॅन्सरचे निदान कपाटात पडून राहते, असे होऊ देऊ नका.

ड्रेसिंग, इंजेक्शन, टाके काढणे, बीपी-शुगर पाहणे ही कामे तालुक्याच्या रुग्णालयात होतात. त्यासाठी मेडिकल कॉलेजच्या फेऱ्या घालण्याचे कारण नाही, फक्त ‘ही कामे स्थानिक रुग्णालयात करावीत’ अशी ओळ कार्डावर लिहून मागा. ती ओळ असली की तिकडचे डॉक्टर निर्धास्तपणे हात घालतात. बाळंतीण आणि बाळाला घरी सोडण्यासाठीही १०२ मिळते, ती डिस्चार्जच्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा.

घरी पोचल्यावर दोन दिवसांत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स ज्या डॉक्टरांनी रेफर केले त्यांच्याकडे आणि गावच्या आशाताईंकडे द्या. मूळ कार्ड, फिल्म आणि केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. फेरतपासणीला जाताना हीच पिशवी उचलायची.